फ्रान्सच्या खेड्यांतून रहदारीमुक्त सायकलप्रवास : कोणती वाट निवडावी?

(ऑनलाइन मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

नदीकाठ

फ्रान्समध्ये सायकलने फिरायचे म्हणजे ल्वार नदीकाठचे राजवाडे, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. ती वाट सुंदर आहे यात शंका नाही. पण ज्यांना मोटारींची धास्ती वाटते, ज्यांच्याबरोबर लहान मुले किंवा वयस्कर आईवडील आहेत आणि ज्यांनी शाळा सुटल्यानंतर सायकलला हात लावलेला नाही, त्यांना मी पहिल्या खेपेस ल्वार सुचवत नाही. मी आठ वर्षे ल्योंमध्ये राहते आणि भारतातून आलेल्या नातेवाइकांना दर वर्षी कुठे ना कुठे सायकलवर घेऊन जाते. त्या अनुभवावरून हा धागा काढत आहे.

सर्वांत आधी दोन शब्दांमधला फरक समजून घ्यावा, कारण सहलीचे सगळे गणित त्यावर अवलंबून असते. 'व्वा व्हेर्त', म्हणजे शब्दशः हिरवी वाट, ही मोटारींना पूर्ण बंद असते आणि तिच्यावर फक्त पायी चालणारे, सायकलस्वार, स्केटवाले आणि काही ठिकाणी घोडेस्वार यांनाच मुभा असते. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिला स्वतंत्र दर्जा मिळालेला आहे आणि तिच्या तोंडाशी निळी चौकोनी पाटी असते. 'व्हेलोरूत' म्हणजे खुणा केलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. त्यात हिरव्या वाटांचे तुकडे असतात, तसेच कमी वर्दळीचे पण मोटारींना खुले असलेले ग्रामीण रस्तेही असतात. ल्वारकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग असा मिश्र आहे. नकाशावर पुष्कळदा दोन्ही प्रकार एकाच रंगाच्या रेषेने दाखवलेले असतात, त्यामुळे नवख्या माणसाची फसगत होते आणि 'रहदारीमुक्त म्हणाला होतात ना?' असा प्रश्न तिसऱ्या दिवशी ऐकावा लागतो.

माझी पहिली पसंती पूर्व फ्रान्समधल्या दक्षिण बर्गंडीला आहे. झिव्री ते क्लुनी ही सुमारे ४४ किलोमीटरची वाट १९९७ मध्ये खुली झाली आणि फ्रान्समधली ती पहिली व्वा व्हेर्त मानली जाते. शालाँ-स्यूर-सोनहून क्लुनीमार्गे माकाँला जाणारा जुना लोहमार्ग बंद पडला, तेव्हा रूळ आणि खडी काढून त्या जागी डांबरी पट्टा घालण्यात आला. पुढे दोन्ही टोकांना वाट वाढवत नेली. आज शालाँहून माकाँपर्यंत सुमारे ७० किलोमीटर जाता येते आणि शहरांतून बाहेर पडण्याचे आणि शहरांत शिरण्याचे थोडे तुकडे सोडले, तर सगळा प्रवास मोटारींवाचून होतो.

वाट मुळात आगगाडीची आहे, ही गोष्ट पायांना आधी कळते. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच चढ त्या काळच्या अभियंत्यांनी ठेवला होता. कुठे टेकडी कापली, कुठे भराव घातला आणि वळणे लांबट ठेवली, म्हणून सामान लादलेली सायकलसुद्धा फारसा दम न लागता पुढे सरकत राहते. दोन्ही बाजूंना झाडांची दाट किनार असते, मध्येच ती उघडते आणि द्राक्षमळ्यांच्या रांगा किंवा शारोले जातीची पांढरीशुभ्र गुरे दिसतात. जुन्या स्थानकांपैकी काहींचे उपाहारगृह झाले आहे, काहींत लोक राहतात. एका छोट्या स्थानकावरून जाताना फलाटाची दगडी कड माझ्या पेडलच्या किंचित वर, अगदी हाताशी आली. दगड मधोमध झिजलेला होता, भिंतीवर गावाचे नाव पुसट निळ्या अक्षरांत शिल्लक होते आणि फलाटावरच्या बाकावर एक आजी मटाराच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून 'बोंझूर' म्हटले. एकेकाळी रूळ होते तेथूनच मी जात होते, त्यामुळे क्षणभर मीच गाडी आहे असे वाटले.

कोर्मातँचा किल्लेवजा वाडा वाटेपासून जवळ आहे. त्याच्या पुढे तेझे लागते. १९४० मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती बंधुसमाजामुळे जगभरातले तरुण त्या टेकडीवर येत असतात. नंतर क्लुनी. इथला मठ इसवी सन ९१० मध्ये स्थापन झाला आणि रोममधले सेंट पीटरचे आजचे चर्च उभे राहीपर्यंत इथले चर्च ख्रिस्ती जगतात सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडून विकले गेले. आज एका बाजूचा उंच भाग उभा आहे आणि त्यावरून मूळ इमारतीच्या आकाराचा अंदाज बांधावा लागतो. इथे किमान एक पूर्ण दिवस थांबावे, असा माझा आग्रह आहे.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा सुमारे १६०० मीटर लांबीचा रेल्वे बोगदा सायकलने पार करता येतो. भर उन्हाळ्यात आत शिरताच अंगावर गारवा येतो, म्हणून एक जाकीट वरच्या वर ठेवावे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर बेर्झे-ल-शातेलचा किल्ला द्राक्षमळ्यांच्या वर उभा दिसतो आणि तिथून माकाँपर्यंत बराचसा उतार आहे. ज्यांना फेरी पूर्ण करायची आहे त्यांनी माकाँहून तुर्न्यूमार्गे सोन नदीच्या काठाने शालाँला परतावे. ही वाट जवळपास सपाट आहे.

इतर वाटांवर गेलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत. विशेषतः कालव्यांच्या काठाने कोणी गेले असल्यास वाचायला आवडेल.

घाटवाट

उत्तम धागा. मी पुण्याचा. २०१९ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या स्पर्धेसाठी गेलो होतो. १८९१ मध्ये सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी ही सुमारे १२०० किलोमीटरची वारी ९० तासांच्या आत पुरी करायची असते. महाराष्ट्रातून तिला बरेच सायकलपटू जातात. तो मार्ग वाहनांना खुल्या रस्त्यांवरून आहे, पण गावोगावचे लोक रात्री दोन वाजताही अंगणात टेबल मांडून कॉफी आणि केक घेऊन उभे असतात. ते पाहिल्यावर हा देश एकदा सावकाश पाहिला पाहिजे, असे मनाने घेतले.

म्हणून स्पर्धा संपल्यावर पाच दिवस विश्रांती घेऊन मी पॅरिसहून मों-साँ-मिशेलकडे जाणारा मार्ग धरला. तो सुमारे ४५० किलोमीटरचा असून राँबुये आणि शार्त्र या गावांवरून जातो. धागाकर्तीने सांगितलेला फरक तिथे अक्षरशः अनुभवास आला. सुरुवातीचा बराच भाग मिश्र आहे. काँदे-स्यूर-विन या गावापासून आलाँसोंपर्यंत मात्र जुन्या लोहमार्गावरची सलग हिरवी वाट लागते. तिथे डांबर नाही, दाबून बसवलेली बारीक रेती आहे. कोरड्या हवेत ती छान चालते, परंतु पाऊस झाल्यावर चेनमध्ये रेती जाऊन करकर आवाज येऊ लागतो, म्हणून तेलाची छोटी बाटली आणि जुने फडके जवळ असावे. माझ्या २८ मिलिमीटरच्या टायरांना तो भाग जड गेला. ३५ किंवा त्याहून रुंद टायर असते तर फरक पडला असता.

ल्वारबद्दल एक भर घालतो. तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. बरेच लोक नदीच्या प्रवाहाबरोबर जायचे म्हणून पूर्वेकडून पश्चिमेला निघतात आणि सामानासकट दिवसभर वाऱ्याशी झुंजतात. नदीचा उतार सायकलला जाणवण्याइतका नाही, वारा मात्र जाणवतो. नाँतकडून वर यावे.

मैलदगड

कालव्यांविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. पाटबंधाऱ्यांच्या कामात माझी उभी हयात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे तुलूझला तीन महिने होतो, तेव्हा इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेऊन दोन्ही बाजूंचे कालवे पाहिले. लोक झाडे पाहतात, मी पाणी कुठून आणले ते पाहत होतो.

कनाल द्यू मिदी हा तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत जाणारा २४० किलोमीटरचा कालवा पिएर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात बांधला. रिके मिठाच्या कराची वसुली करणारे अधिकारी होते, अभियंते नव्हते. कालवा खोदणे त्या मानाने सोपे होते. खरी अडचण होती ती सर्वांत उंच ठिकाणी, म्हणजे नोरूझच्या खिंडीत, बारमाही पाणी पुरवण्याची, कारण लॉकचा, म्हणजे नावा वर-खाली नेण्यासाठी बांधलेल्या बंदिस्त हौदाचा, दरवाजा उघडला की दोन्ही बाजूंना पाणी खाली जाते आणि माथा कोरडा पडतो. रिके यांनी काळ्या डोंगरातले ओढे वळवून, सँ-फेरेओल येथे मातीचे आणि दगडी भिंतींचे धरण बांधून ते पाणी चराने नोरूझपर्यंत आणले. मी १८९ मीटर उंचीच्या त्या जागी उभा राहिलो आणि पाण्याची एक शाखा अटलांटिककडे, दुसरी भूमध्याकडे जाताना पाहिली. साडेतीनशे वर्षांपूर्वी हातातल्या साध्या साधनांनी हा उतार साधला, हे पाहून मी बराच वेळ तिथून हललो नाही. कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिके वारले.

आता सायकलविषयी. तुलूझहून निघाल्यावर सुमारे पन्नास किलोमीटर काठाची वाट डांबरी आणि सुखद आहे. ओद जिल्ह्याची हद्द लागली की पुढे बराच काळ मातीची अरुंद पायवाट येते. पूर्वी घोडे दोराने नावा ओढत नेत, ती हीच वाट. तिच्यात प्लेन नावाच्या सावलीच्या वृक्षांची मुळे वर आलेली आहेत आणि ती सायकलला पाठीच्या कण्यापर्यंत हादरे देतात. काही तुकड्यांची सुधारणा झाली आहे, तरीही नवख्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. शिवाय त्या वृक्षांना बुरशीजन्य रोग लागला आहे. २००६ मध्ये तो या कालव्यावर आढळला. त्यावर उपाय नाही, म्हणून बाधित झाड तोडून जाळावे लागते. काठावर अशी सुमारे ४२,००० झाडे होती, त्यातली हजारो गेली. काही ठिकाणी सावलीचा बोगदा संपून एकदम उघडे आकाश येते आणि काठाला मनगटाएवढ्या जाडीची नवी रोपे काठीला बांधलेली दिसतात. ते दृश्य मला सहन झाले नाही.

याउलट तुलूझपासून बोर्दोच्या दिशेने जाणारा गारोनचा कालवा १९३ किलोमीटरचा असून तो १८५६ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या काठाची वाट जवळजवळ सर्वत्र डांबरी, सपाट आणि सावलीची आहे. आझँ येथे हा कालवा ५३९ मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर कालवा आणि त्याच्या कडेने आपण सायकलवर. प्रत्येक लॉकजवळ रखवालदाराचे छोटे घर असते आणि त्यावरच्या पाटीवर लॉकचे नाव आणि मागच्या-पुढच्या लॉकपर्यंतचे अंतर लिहिलेले असते, त्यामुळे नकाशा काढावा लागत नाही. म्वासाक येथील मठाचे प्रांगण कालव्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याचे कोरीव खांब पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोर्दोच्या बाजूला शेवटी कालवा सोडून जुन्या लोहमार्गावरची वाट घेता येते. सोव्हतेर-द-ग्युएनपासून शहराच्या वेशीपर्यंत जाणाऱ्या या वाटेला १९३७ चे तूर द फ्रान्सचे विजेते रोझे लापेबी यांचे नाव दिले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. नाव मिदीचे मोठे असले, तरी सायकलसाठी गारोनचा कालवा घ्यावा.

उंबरठा

नमस्कार. धागा वाचून पहिल्यांदाच असे काही आपल्याला जमेल असे वाटले, म्हणून धीर करून विचारते. आम्ही नाशिकचे. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई असे चौघे जाऊ इच्छितो. आई ६४ वर्षांची आहे. ती तरुणपणी बँकेत सायकलने जायची, पण गेल्या वीस वर्षांत तिने सायकल चालवलेली नाही, कारण आमच्या रस्त्यावर ते शक्यच नाही. दिवाळीच्या सुट्टीत बर्गंडीची फेरी करावी का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, त्याचे काय करावे?

नदीकाठ

उंबरठाताई, आईंना अवश्य आणा, पण दिवाळीत आणू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे एक तास मागे जातात आणि मग पाच-साडेपाचलाच अंधार पडू लागतो. खेड्यांतली बरीच मुक्कामाची ठिकाणे तोवर हंगाम आटोपून बंद झालेली असतात. ब्वा क्लेरचा बोगदाही हिवाळ्यात वटवाघळांच्या विश्रांतीसाठी बंद ठेवतात आणि मग डोंगरावरून मोटारींच्या रस्त्याने जावे लागते. आईंसाठी तो चढ नको. शाळेची मे महिन्याची सुट्टी तुम्हाला सोयीची पडेल. हवा थंड-उबदार असते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. फक्त १ मे आणि ८ मे या सुट्ट्या आणि त्याच सुमारास येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार पाहून घ्या. त्या दिवसांना जोडून फ्रेंच लोक लांब सुट्टी घेतात, त्यामुळे खोल्या आणि गाड्यांमधल्या जागा लवकर भरतात.

घाईने फेरी पूर्ण करण्याचा विचार मनात ठेवू नका. पहिल्या दिवशी शालाँ ते ब्युसी, दुसऱ्या दिवशी कोर्मातँ, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्लुनी, तिथे दोन रात्री आणि मग माकाँ. यातला कोणताही दिवस तीस किलोमीटरपेक्षा मोठा नाही. आईंना वाटले तर इलेक्ट्रिक सायकल घ्या. पंचवीसच्या वेगापर्यंत मदत करणाऱ्या सायकलींना या वाटांवर परवानगी आहे. मात्र ती सायकल वजनाला जड असते, म्हणून सामान लादण्याआधी रिकाम्या मैदानात अर्धा तास चढण्या-उतरण्याचा आणि ब्रेक लावण्याचा सराव होऊ द्या. वीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाचा तोल पायडल मारताना जात नाही, थांबताना जातो. हे मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिले आहे. सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील.

मुलीला हेल्मेट लागेल. बारा वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये ते सक्तीचे आहे. जिथे हिरवी वाट मोटाररस्ता ओलांडते, तिथे मोटारी आत येऊ नयेत म्हणून लाकडी किंवा लोखंडी अडसर लावलेले असतात आणि त्यांतून सायकल वाकवून न्यावी लागते. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल तिथे अडते, त्यामुळे अशा ठिकाणी मुलीला आधीच उतरायला सांगून ठेवा. शहरांजवळचे तुकडे सोडले, तर सबंध वाटेवर मोटारींशी गाठ पडते ती एवढ्याच जागी, आणि तोवर मन निवांत झालेले असल्यामुळे लक्ष नसते.

निळीसायकल

शाकाहाराबद्दल मी सांगते. आम्ही दोघी मैत्रिणी याच वाटेवरून गेलो होतो आणि दोघीही शाकाहारी आहोत. खेड्यातल्या बेकरीत ताजा पाव, लोणी, फळांचे टार्ट हमखास मिळतात. आठवडी बाजारात त्या भागातले शेळीच्या दुधाचे छोटे चीज, टोमॅटो, चेरी, अक्रोड मिळतात. बर्गंडीत 'गुझेर' नावाचे चीज घातलेले फुगीर गोळे मिळतात, त्यांत अंडे असते हे आईंना सांगून ठेवावे. भाजीच्या वाटणाऱ्या कीशमध्ये, म्हणजे खाऱ्या टार्टमध्ये, पुष्कळदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्यांना 'लार्दों' म्हणतात. तो शब्द पाठ करून ठेवावा आणि विचारल्याशिवाय घेऊ नये. चीज बनवताना दूध घट्ट करण्यासाठी पुष्कळदा वासराच्या पोटातले रेनेट वापरतात, तेही आईंना चालणार नसेल तर आधी ठरवून घ्यावे. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या जागा घेतल्या आणि मेतकूट, थोडी मुगाची डाळ, गोडा मसाला बरोबर नेला. सायकल चालवून आल्यावर गरम भात आणि मेतकूट यांना दुसरी तोड नाही.

एक चूक मात्र टाळा. आम्ही रविवारी दुपारी मुक्कामी पोहोचलो तेव्हा दुकान बंद होते, आणि सोमवारी बेकरीसुद्धा बंद होती. दोन दिवस बिस्किटांवर काढावे लागले. खेड्यांतली दुकाने दुपारी बारा ते दोनच्या सुमारासही बंद असतात, त्यामुळे शनिवारी सकाळी दोन दिवसांचे सामान भरून घ्यावे. पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीत जावे. फुलझाडांना घालण्यासाठी तिथे नळ असतो. फक्त 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये.

दुसरी गोष्ट भाड्याच्या सायकलीची. माझ्या सायकलच्या कॅरिअरचा एक स्क्रू वाटेत पडला आणि पिशवी चाकात अडकून मी पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले, पण मोटारींचा रस्ता असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. दुकानदाराने सायकल तपासून दिली नव्हती आणि मीही तपासून घेतली नाही. ताब्यात घेताना कॅरिअर, मडगार्ड आणि पेडल यांचे सगळे स्क्रू हाताने हलवून पाहा, आणि ॲलन कीचा छोटा संच मागून घ्या. मुक्काम शोधताना 'आक्यई व्हेलो' असे चिन्ह असलेल्या जागा निवडाव्यात. त्या सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात, तिथे सायकल कुलूपबंद ठेवण्याची सोय आणि दुरुस्तीची किरकोळ अवजारे मिळतात.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. मे महिन्याच्या उत्तरार्धात जायचे नक्की केले आहे. आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मला इलेक्ट्रिक नको, साधीच द्या, पण ठिकठिकाणी थांबू द्या.' दुसऱ्या दिवसापासून मी जवळच राहणाऱ्या काकांच्या सोसायटीच्या आवारात तिच्याबरोबर सराव सुरू केला आहे. एकच शंका उरते. तिला मध्येच थकवा आला तर परतायची सोय काय?

नदीकाठ

शालाँ, तुर्न्यू आणि माकाँ ही तिन्ही गावे ल्योंहून दिजोंला जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत आणि तिथल्या प्रादेशिक गाड्यांत सायकल घेऊन चढता येते. ज्या डब्याच्या दारावर सायकलचे चित्र असेल त्याच डब्यात जावे. पिशव्या आधी काढून घ्याव्यात, कारण पायऱ्या चढवताना वजन झेपत नाही. मधल्या भागात, म्हणजे ब्युसी ते क्लुनी या टप्प्यात, आता रेल्वे नाही, तिथे टॅक्सीवर अवलंबून राहावे लागेल. त्यासाठी क्लुनीतल्या मुक्कामाच्या मालकांना आधीच दूरध्वनी करून मोठ्या गाडीचा क्रमांक मागून ठेवा.

आणि आईंना साधीच सायकल घेऊ द्या. ब्युसीपर्यंतचा पहिला दिवस पाहा, तिथे हवी असल्यास पुढच्या दिवसासाठी बदलण्याची सोय आहे का, हे सायकल ठरवतानाच विचारून घ्या. माकाँला पोहोचाल त्या शनिवारी सकाळी सोनच्या काठावर बाजार भरतो. मी ल्योंहून पहिल्या गाडीने येईन, आईंना भेटायला.